उद्यमनगरात व्हॉल्व्हचा कार्बन काढून घेतला, त्याचा अनुभव

सकाळी पहिल्यांदा चावी फिरवली की गाडी मिनिट-दीड मिनिट नुसती थरथरायची. शेजारच्या सीटवरच्या बाटलीतलं पाणी हलताना दिसायचं. मग हळूहळू शांत व्हायची, आणि दुकान येईपर्यंत काहीच झालं नव्हतं अशी चालायची. थंडीपावसात त्रास जास्त, दुपारी जवळजवळ नाहीच. इंजिनचा पिवळा दिवा कधी लागायचा, दोन दिवसांनी आपोआप विझायचा. दीड वर्ष हे असंच चाललं. शेवटी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी ते मुळापासून काढलं. आपल्या भागात हे काम नीट करणारे फार थोडे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं जयसिंगपूरला औषधाचं दुकान आहे. घरापासून दीड किलोमीटर. सकाळी जायचं, दुपारी जेवायला यायचं, परत जायचं, रात्री यायचं. दिवसाला चार फेऱ्या, आणि एकाही फेरीत इंजिन धड गरम होत नाही. हे महत्त्वाचं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गाडी 2014 ची, चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल सेडान. 2019 मध्ये मावसभावाकडून 38,000 किलोमीटर झालेली घेतली, काम केलं तेव्हा 86,000 झाले होते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे दुखणं एका कंपनीचं नाही. पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत मारणाऱ्या इंजिनांना ते कमी-अधिक होतंच. डिक्कीवर टीएसआय, टी-जीडीआय, टीजीडीआय अशी अक्षरं असतील तर तुमचं इंजिन याच जातीचं आहे.

उद्यमनगरात पोचण्याआधी मी तीन ठिकाणी पैसे घालवले. पहिल्या ठिकाणी स्कॅनर लावला, मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटल्याचा कोड आला, आणि चारही कॉइल आणि चारही प्लग बदलले. 17,800 रुपये. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी ‘हायड्रोजन डीकार्ब’ केलं. पाण्यापासून तयार केलेला वायू अर्धा-पाऊण तास चालू इंजिनला पाजतात. सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघाली, ती दाखवून ‘बघा, कार्बन जळतोय’ म्हणून सांगितलं. 2,500 रुपये. तिसऱ्या ठिकाणी टाकीत ओतायची बाटली दिली, 650 रुपयांची, ओळीनं तीन वेळा. सगळं मिळून 22,250 रुपये झाले. या तिन्ही ठिकाणी एकानंही इंजिनच्या आत डोकावून बघितलं नाही. माझा राग पैशापेक्षा त्याचा आहे. माझ्या दुकानात कुणी येऊन नुसतं ‘पोटात दुखतंय’ म्हणालं आणि मी काही न विचारता तीन औषधं हातात ठेवली, तर ते बरोबर होईल का?

या मिस्त्रींचा पत्ता शिरोली एमआयडीसीत फाउंड्री असलेल्या एका गिऱ्हाइकानं दिला. मिस्त्री साठीच्या आसपासचे. वडिलांचं याच गल्लीत ऑइल इंजिन दुरुस्तीचं काम होतं, म्हणजे शेतातल्या विहिरीवर चालायची ती इंजिनं. त्यांचं आणि गॅरेजचं नाव मी लिहिलेलं नाही, कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलं. महिन्याला अशी चार-पाच कामंच ते घेतात, आणि फोन वाढले की हातातल्या कामावरचं लक्ष उडतं असं त्यांचं म्हणणं. उद्यमनगरात जाऊन ‘अक्रोडवाले मिस्त्री’ विचारलंत तर कुणीही हात करून दाखवेल.

फोनवर त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. सकाळीच थरथरते की दिवसभर? रोज किती किलोमीटर चालते? ऑइल किती दिवसांनी बदलता? उत्तरं ऐकून म्हणाले, “ताई, व्हॉल्व्हला कार्बन धरला असणार. पर आधी कॅमेरा घालून बघूया. नसला तर उघडायचं न्हाई.” बघण्याचे 800 रुपये, आणि काम केलं तर ते बिलातून वजा.

श्रावणातला पहिला आठवडा होता. इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा जोड. त्यावरचा एक सेन्सर काढून त्यांनी त्या छिद्रातून बारीक केबलचा कॅमेरा आत सोडला. गॅरेजमधला मुलगा मोबाइलएवढा पडदा माझ्यापुढे धरून उभा राहिला. आधी काळोख, मग पोर्टची, म्हणजे सिलिंडरकडं जाणाऱ्या हवेच्या वाटेची भिंत, मग त्या वाटेचं उघडमिट होणारं दार, म्हणजे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचा आकार अळंबीसारखा असतो, वर बारीक देठ आणि खाली पसरट डोकं. देठ जिथं डोक्याला मिळतो ती जागा गुळगुळीत धातूची, कमानदार हवी. तिथं मला धातू कुठं दिसलाच नाही. गुऱ्हाळात काहील धुण्याआधी तिच्या कडेला करपलेल्या काकवीचे थर बघितलेत का? तसंच होतं. देठाजवळ कोरडं, खडबडीत, भेगाळलेलं, आणि कडेला ओलसर, चकचकीत काळं. एका बाजूला तर कार्बनचा इतका मोठा ढेकूळ होता की हवेच्या वाटेचा चांगला पाव भाग त्यानंच अडवला असावा.

“ह्ये बघितल्यावर तुम्ही कॉइल बदलला असता का?” मिस्त्रींनी एवढंच विचारलं.

हे होतं कसं, ते त्यांनी दोन इंजेक्टर माझ्या हातावर ठेवून समजावलं. एक जुन्या गाडीचा, एक माझ्यासारख्या गाडीचा. जुन्या पद्धतीत इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, पोर्टमध्ये बसतो आणि तीन-चार किलो प्रेशरनं पेट्रोल बरोबर व्हॉल्व्हच्या पाठीवर मारतो. पेट्रोलमध्ये सफाई करणारे घटक असतात, त्यामुळे व्हॉल्व्ह रोज आपोआप धुतला जातो. नव्या पद्धतीत इंजेक्टरचं तोंड थेट सिलिंडरच्या आत. तिथं दीडशे-दोनशे किलो प्रेशरनं पेट्रोल फवारलं जातं, आतच त्याची वाफ होते, आतली हवा थंड होते, म्हणून कमी पेट्रोलमध्ये जास्त ताकद मिळते. फायदा खराच आहे. पण व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंबही लागत नाही.

लागतं ते तेल. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये झिरपतोच. तो कोंडून ठेवता येत नाही, कुठंतरी सोडावा लागतो. “आमच्या बाबांच्या वेळंला ब्रीदरची नळी खाली सोडलेली असायची. इंजिनाखाली तेल टपकायचं, कुणाला काय वाटायचं न्हाई,” मिस्त्री म्हणाले. आता प्रदूषणाच्या नियमामुळे तो वायू पीसीव्ही नावाच्या व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनच्या श्वासातच परत सोडतात. त्याच्याबरोबर ऑइलचे बारीक तुषार येतात, गरम व्हॉल्व्हवर बसतात आणि भाजून निघतात. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. छोट्या फेऱ्यांत इंजिन थंडच राहतं, ऑइलमध्ये पाणी आणि न जळलेलं पेट्रोल साठतं, तुषार आणखी घाण होतात. माझ्या चार फेऱ्यांचा हिशेब मला तिथं उभ्याउभ्याच लागला.

आणि थरथर सकाळीच का? आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, इंजिन अगदी थोडी हवा घेतं. त्या वेळी एका सिलिंडरच्या वाटेत ढेकूळ आणि दुसऱ्याच्या वाटेत निम्मा, तर चौघांना सारखी हवा जात नाही. इंजिन थंड असताना कमी-जास्त मिश्रण पेटायला मुळातच कुरकुर करतं, म्हणून तेव्हा ठोके चुकतात. गरम झाल्यावर तेच मिश्रण निभावून जातं, आणि आपल्याला वाटतं गाडी सुधारली.

टाकीतली बाटली का चालली नाही हे आता वेगळं सांगायला नको. टाकीतलं काहीही आधी इंजेक्टरला जातं आणि तिथून सरळ सिलिंडरमध्ये. इंजेक्टरचं तोंड त्यानं साफ होत असेल, महागाच्या पेट्रोलनंही होत असेल. व्हॉल्व्हची पाठ त्या वाटेवर नाहीच. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं कार्बन वाढतो की कमी होतो असं मला दुकानात दोघातिघांनी विचारलं. जे पेट्रोल त्या जागेला शिवतच नाही, ते ती जागा धुणारही नाही. हायड्रोजनचंही मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं. सिलिंडरमध्ये आग लागते तेव्हा इनलेट व्हॉल्व्ह बंद असतो, त्याची पाठ बंद दाराच्या पलीकडं राहते. मग आतली ज्वाळा तिथला कार्बन जाळणार कशी? आणि ते केल्यावर दोन दिवस पिकअप बरा का वाटला? त्या माणसानं स्कॅनरनं इंजिनच्या कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसली होती, म्हणून.

मग काम. मला सकाळी साडेनऊला बोलावलं होतं. बघत बसले तर चालेल का विचारलं, तर त्यांनी एक प्लॅस्टिकचं स्टूल आणि एक मास्क दिला.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. हाय-प्रेशर लाइनमधलं प्रेशर आधी उतरवलं. मग मॅनिफोल्डभोवतीच्या नळ्या, वायरी, ब्रॅकेट. त्यांनी एका पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचा आकार स्केचपेननं काढला होता, आणि जो बोल्ट जिथून निघाला तो त्या चित्रात त्याच जागी भोक पाडून खोचला. शेवटी पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचा नकाशाच तयार झाला. एक लांब बोल्ट आखूडाच्या जागी गेला तर हेडमधला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातला आटा जातो, त्यासाठी ही काळजी. मॅनिफोल्ड उचलला तशी चार तोंडं उघडी पडली. लगेच चारही तोंडांत स्वच्छ कापडाचे बोळे घातले आणि मोठ्यानं म्हणाले, “चार घातले.” मुलानं फळ्यावर खडूनं 4 लिहिलं. बोळा काढला की पुसून 3, परत घातला की 4. मी आमच्या दुकानात नार्कोटिकच्या रजिस्टरला जितकी काळजी घेते, तितकीच ही.

उघड्या तोंडातून टॉर्च मारून मी स्वतः बघितलं. प्रत्येक तोंडाच्या तळाशी दोन व्हॉल्व्ह, चार तोंडांत आठ. एक नंबरचे दोन सगळ्यात वाईट होते. स्कॅनरवरही सगळ्यात जास्त मिसफायर एक नंबरलाच दाखवत होता. त्यांनी दाताच्या डॉक्टरकडं असतो तसा एक आकडा घेऊन एका व्हॉल्व्हवरचा ढेकूळ सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. वजनाला हलका, बोटांनी दाबला तर कडेनं भुगा होतो, मधला गाभा मात्र दगडासारखा. वासाला करपलेलं तेल. नखात गेलेलं काळं दोन दिवस निघालं नाही.

साफ करतात ते अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यानं. बारीक रव्यापेक्षा जरा जाड, तपकिरी. तो हवेच्या जोरानं व्हॉल्व्हवर मारायचा. कार्बन फोडण्याइतका तो टणक असतो, आणि पोलादाला किंवा ॲल्युमिनियमच्या हेडला ओरखडा काढणार नाही इतका मऊ. वाळू किंवा काचेचे मणी इथं कधीच वापरायचे नाहीत. त्यातला एक कण सिलिंडरमध्ये राहिला तर भिंत खरवडून काढतो. अक्रोडाचा चुकून राहिलाच, तर जळून जातो. उद्यमनगरात ब्लास्टिंगचं सामान विकणारे आहेत, तिथून मिस्त्री गोणी आणतात.

आपल्या हवेतली एक अडचण त्यांनी सांगितली. पावसाळ्यात हा भुगा ओल धरतो, नोझलमध्ये गोळा होऊन बसतो आणि मार लागत नाही. म्हणून आदल्या रात्री त्यांनी भुगा पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरून वर हॅलोजनचा दिवा लावून ठेवला होता. कंप्रेसरच्या लाइनला पाणी धरणारा फिल्टर होता आणि दर अर्ध्या तासानं मुलगा त्याचा कॉक उघडून पाणी सोडत होता. एवढं केल्यावरही एकदा नोझल तुंबलंच. न चिडता उघडलं, साफ केलं, परत सुरू.

आता या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ज्या सिलिंडरवर मारा करायचा, त्याचे इनलेट व्हॉल्व्ह बंदच पाहिजेत, नाहीतर भुगा आणि कार्बन सगळा सिलिंडरमध्ये. माझ्या इंजिनचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम 1-3-4-2. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे हवा दाबत सगळ्यात वर आणला की त्याचे व्हॉल्व्ह बंद असतात, आणि त्याच वेळी दोन नंबरचेही बंद असतात, कारण तो नुकताच ताकद देऊन खाली आलेला असतो. ते दोन्ही साफ करायचे. मग क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा, पूर्ण एक फेरा फिरवायचा, की चार आणि तीन बंद मिळतात. मिस्त्रींनी पुलीला सॉकेट लावून हातानं क्रँक फिरवला. पण नुसत्या हिशेबावर भरवसा ठेवला नाही. मारा करायच्या प्रत्येक पोर्टमध्ये आधी चमचाभर क्लीनर ओतला आणि पाच मिनिटं वाट बघितली. पातळी उतरली नाही, म्हणजे व्हॉल्व्ह खरंच बसलेला आहे. मग तो क्लीनर ओढून घेतला, पोर्ट हवेनं कोरडं केलं, कारण ओल्यावर भुगा चिकटतो. तोवर नोझलला कुणी हात लावला नाही. हे बघितलं आणि माझ्या जिवाला स्वस्थता आली.

सात किलो प्रेशरनं मारा सुरू झाला. पोर्टच्या तोंडावर घट्ट बसणारा एक जोड असतो, त्याच्या एका बाजूला नोझल आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूमची नळी, म्हणजे आत मारलेलं लगेच बाहेर ओढलं जातं. आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. सुरुवातीला आवाज बद्द येतो, कारण मार कार्बनवर पडतो. आठ-दहा मिनिटांनी तो बदलतो आणि खणखणीत होतो. मिस्त्री न बघता, त्या आवाजावरून हात थांबवत होते. टॉर्च मारली तर नव्वद टक्के साफ. देठामागच्या कोपऱ्यात उरलेला थर मात्र नुसत्या माऱ्यानं निघाला नाही. तिथं क्लीनर टाकून वीस मिनिटं मुरवला, नायलॉनच्या ब्रशनं घासला, ओढून घेतला, सुकवला आणि पुन्हा मारला. एका सिलिंडरला पाऊण तास गेला. मध्ये जेवायची सुट्टी झाली, तेव्हा मी जयसिंगपूरहून नेलेलं भडंग काढलं आणि कामगारांबरोबर तिथंच बसून खाल्लं.

चारही झाल्यावर मला बोलावून दाखवलं. राखाडी, स्वच्छ धातू. देठाभोवती मशिनिंगच्या बारीक गोल रेषा दिसत होत्या, कारखान्यात पाडलेल्या. त्या रेषा बघून मला फार आनंद झाला. त्यांनी प्रत्येक पोर्टचा आधीचा आणि नंतरचा फोटो माझ्याच मोबाइलवर काढून दिला.

मॅनिफोल्ड परत बसवताना मिस्त्रींना पीसीव्हीचा पडदा फाटलेला सापडला. रबराची बोटभर चीर होती. तेल इतकं वर का येत होतं त्याचं हे कारण. तो भाग त्यांच्याकडं नव्हता, मागवायला आठ दिवस लागले. तोवर गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले, आणि नंतर बसवून दिला. नुसता कार्बन काढून गाडी हातात दिली असती तरी मला कळलं नसतं, सकाळची थरथर तर थांबलीच असती. दोन वर्षांनी मात्र पुन्हा तिथंच आले असते.

बिल असं झालं. ब्लास्टिंग आणि मजुरी 9,500. मॅनिफोल्डचं गॅस्केट 2,650. थ्रॉटल बॉडीची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची सफाई आणि गॅस्केट 600. एका नळीची क्लिप 250. एकूण 13,000, त्यातून तपासणीचे 800 वजा. पीसीव्हीचा भाग बसवणावळीसह 6,400 वेगळा. म्हणजे 18,600. आधी फुकट गेलेल्यापेक्षा कमी. एक प्लॅस्टिकचं लॉक त्यांच्याकडून तुटलं, ते मला कळण्याआधी त्यांनीच सांगितलं आणि नवं स्वतःच्या पैशानं लावलं.

न आवडलेल्या गोष्टीही लिहिते, कारण तिथं जाणाऱ्यांना त्या माहीत पाहिजेत. पाचला गाडी मिळेल म्हणाले होते, पावणेआठ झाले. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. दिवसभर थांबायचं ठरवलंत तर आधी जवळचं हॉटेल शोधून ठेवा. छापील बिल मागितल्यावर दिलं, आपणहून नाही. ड्रायव्हरच्या सीटवर ग्रीसचे दोन डाग राहिले. आणि सकाळी दहाच्या पुढं ते फोन उचलत नाहीत, कारण हात कामात असतात. पीसीव्हीचा भाग आला का, हे विचारायला मला चार दिवस रोज सकाळी फोन करावा लागला. यातलं स्वच्छतागृहाचं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

फरक आकड्यांत सांगते. कामाआधी सकाळी थंड इंजिनवर स्कॅनर लावून पाच मिनिटांत एक नंबर सिलिंडरचे 47 मिसफायर मोजले होते, बाकीच्या तिघांचे मिळून 19. कामानंतर दुसऱ्या सकाळी, त्याच वेळी, चारही ठिकाणी शून्य. मी टाकी भरताना किलोमीटर वहीत लिहिते. आधीच्या सहा टाक्यांची सरासरी लिटरला 9.4 किलोमीटर होती, नंतरच्या सहांची 10.8. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीसाठी हे मला समाधानकारक वाटतं. आणि अंकली पुलाकडं चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी जी दम खायची, ते पूर्ण थांबलं.

थ्रॉटलमधून फवारायच्या स्प्रेबद्दल मिस्त्रींना विचारलं होतं. थर पातळ असेल तर थोडा उपयोग होतो म्हणाले. पण माझ्यासारखे ढेकूळ असतील आणि टर्बो असेल, तर ते हे काम घेत नाहीत. मऊ पडून सुटलेला तुकडा सिलिंडरमधून एक्झॉस्टला जातो आणि टर्बोच्या पात्याला लागू शकतो. तेल अडवणारा वेगळा डबा, ज्याला कॅच कॅन म्हणतात, तो लावू का विचारलं, तर म्हणाले, “लावतो की. पर तो दर म्हैन्याला उघडून रिकामा करायला लागतो. तुम्ही करणार हाय का, ताई?” मी खरं उत्तर दिलं, आणि डबा लावला नाही. ऑइल मात्र कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचंच घ्यायचं आणि 15,000 किलोमीटरची वाट न बघता 7,500 ला बदलायचं, हे त्यांनी बिलाच्या मागं लिहून दिलं.

नंतर मी याबद्दल जरा वाचलं. 1996 मध्ये मित्सुबिशीनं जपानात गॅलंट गाडीत ‘जीडीआय’ इंजिन आणलं, तिथून या पद्धतीचा मोठ्या संख्येनं प्रसार सुरू झाला. म्हणजे ही अडचण नवी नाही. टोयोटानं आपल्या ‘डी-4एस’ इंजिनांत दोन्ही इंजेक्टर दिले, एक आत आणि एक पोर्टमध्ये, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतलाही जातो. उपाय कारखान्यातच होऊ शकतो, पण खर्च वाढतो. गाडी घेताना सनरूफ किती मोठं आहे हे विक्रेता दहा मिनिटं सांगतो. पोर्टला इंजेक्टर आहे का, हे आपणच विचारायला पाहिजे.

लहानपणी वडिलांची टू-स्ट्रोक स्कूटर होती. वर्षातून एकदा मेकॅनिक हेड उघडून स्क्रू-ड्रायव्हरनं कार्बन खरवडायचा आणि सायलेन्सर जाळून साफ करायचा. वडील त्याला खर्च मानायचे नाहीत, गाडीची निगा मानायचे. मलाही आता हे काम तसंच वाटतं.

दर रविवारी आता गाडी निपाणीपर्यंत नेऊन आणते, हायवेला, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत. आकड्यानं काढलेले कार्बनचे तुकडे मिस्त्रींनी पुडीत बांधून दिले होते. दुकानात आल्यावर काट्यावर टाकले, साडेचार ग्रॅम भरले. चेनच्या पाकिटात घालून, तारीख आणि किलोमीटर लिहून काउंटरच्या खणात ठेवलेत. गाडीबद्दल कुणी विचारलं की काढून दाखवते.

जानेवारीत ऑइल बदलायला गेले तेव्हा पुन्हा सेन्सरच्या छिद्रातून कॅमेरा घातला. पाच महिने, 4,200 किलोमीटर झाले होते. देठावर तेलाचा हलका पिवळसर हात होता, आणि त्याच्याखाली मशिनिंगच्या त्या गोल रेषा अजून स्पष्ट मोजता येत होत्या. मिस्त्रींनी पडदा माझ्याकडं वळवला, मी फोटो काढला, आणि या वेळच्या 800 रुपयांना त्यांनी हात लावला नाही.